विडी वळणाऱ्या मावशींचे सुजलेले पाय : एका शोथाचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मावशी पहिल्यांदा आल्या. सोलापूरचा पारा बेचाळिशीच्या वर होता. सून सोबत होती आणि मावशींच्या चपला तिच्या हातात होत्या. "मॅडम, चपला बसंना गेल्यात बघा. चार महिने झाले, पाय सुजायलेतच." घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी बोलणाऱ्या, पूर्वभागात वाढलेल्या आणि आता कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या मावशींचं वय ५४. विड्या वळायला लागल्या त्याला ३८ वर्षं झाली. पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून रोज नऊ-नऊ तास. दिवसाला हजार विड्या.

मी आयुर्वेदाची वैद्य. हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण औषधं आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा आहे. त्या क्रमातच या प्रकरणाचं मर्म आहे.

पहिल्या दिवशी काय दिसलं

दोन्ही पायांना घोट्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत सूज. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला की खड्डा पडायचा आणि अर्धा मिनिट तसाच राहायचा. त्वचा ताणलेली, फिकट, हाताला गार. पोटऱ्यांवर थोड्या फुगलेल्या शिरा. सकाळी उठल्यावर सूज बरीच कमी असायची आणि दिवस मावळेपर्यंत पाय भरून यायचे. पापण्यांवर सूज नव्हती, लघवीला फेस नव्हता, रात्री उशी उंच करून झोपावं लागत नव्हतं, धाप नव्हती. घोट्याच्या चार बोटं वर टेपनं मोजलं तर उजवा पाय २७.५ सेंटिमीटर, डावा २७. वजन ६४ किलो. रक्तदाब १५०/९४. तोंडाला चव नाही, अंग जड, दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात.

चरकांनी आपल्या संहितेत सूत्रस्थानाच्या १८ व्या अध्यायात आणि चिकित्सास्थानाच्या १२ व्या अध्यायात सूज कशी ओळखायची ते फार बारकाईनं सांगितलं आहे. वातज सूज दाबली की पटकन वर येते, दिवसा जास्त असते आणि रात्री उतरते. कफज सूज जड, स्थिर, फिकट असते, दाबल्यावर वर येत नाही आणि रात्री बळावते. मावशींची सूज दोन्हीकडची थोडी थोडी लक्षणं दाखवत होती. खड्डा राहणं, जडपणा, अरुची आणि झोप कफाची, तर संध्याकाळी वाढणं वाताचं. मी केसपेपरवर लिहिलं : वातकफज शोथ, म्हणजे वात आणि कफ दोन्हींची सूज, आणि अग्निमांद्य, म्हणजे मंदावलेलं पचन.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे ती फार महत्त्वाची ठरली. आयुर्वेदात 'शोथ' हा एकच शब्द दोन वेगळ्या अवस्थांना वापरला जातो. जखम किंवा गळू होताना लाल, गरम, ठणकणारी जी सूज येते तो व्रणशोथ. अंगात पाणी साठून येते ती सर्वांग किंवा एकांग शोथ. 'शोथहर' म्हणून नावाजलेलं औषध यातल्या कुठल्या सुजेवर चालतं, हे न पाहता दिलं तर ते भलत्याच दिशेला नेऊ शकतं.

रिपोर्ट त्यांच्या फिजिशियनकडे आधीच झाले होते. लघवीत प्रथिनं नाहीत, क्रिएटिनिन ०.९, अल्ब्युमिन व्यवस्थित, थायरॉइड व्यवस्थित, इसीजी आणि टूडी इको दोन्ही चांगले. हिमोग्लोबिन १०.२. सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला, त्यामुळे पायाची सूज पाहिली की आमच्या मनात तो प्रश्न येतोच. पण हत्तीपायाची सूज बहुधा एका पायाला जास्त असते आणि जुनी झाली की कातडी जाड, खरखरीत होते. इथे तसं नव्हतं, तरीही रात्रीच्या रक्तनमुन्याची तपासणी करून घेतली. त्यात काही निघालं नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, हत्तीरोग, सगळं बाजूला पडलं.

"दुसरं काही औषध चालू आहे का?" असं मी विचारलं होतं.

"बीपीची गोळी सोडली तर काही नाही."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले.

माझी पहिली चिठ्ठी

पुनर्नवाष्टक काढा दिला. पुनर्नवा, कडुलिंब, पटोल, सुंठ, कुटकी, गुळवेल, दारुहळद आणि हिरडा अशी त्यातली आठ द्रव्यं. सुजेवरच्या औषधांत हा काढा वैद्यांच्या रोजच्या वापरातला आहे. पुनर्नवेला संस्कृतात शोथघ्नी असंच नाव आहे. आपल्याकडे तिला घेटुळी म्हणतात. उन्हाळ्यात वरचा वेल वाळून जातो आणि पहिल्या पावसात त्याच मुळाला नवे कोंब फुटतात, म्हणून पुनर्नवा. जोडीला गोखरू दिलं. सोलापूरच्या माळावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, फक्त 'सराटे' या नावानं. मीठ कमी करा, दही बंद, दुपारी झोपू नका, असंही सांगितलं.

आठ दिवसांत घेर अर्धा सेंटिमीटर उतरला. मावशी खूश झाल्या आणि मीही. काढ्यानं रोज दोन-तीन वेळा पातळ शौचाला होत होतं. कुटकी भेदन करणारी, म्हणजे पोट साफ करणारी आहे, होणारच, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मावशींना सुनेनं धरून आणलं. सूज पुन्हा होती तितकीच. रात्री पिंढऱ्यांत गोळे येत होते, हातापायांत जोर नव्हता, सूप उचलताना हात थरथरत होते. रक्तदाब १६८/१००. मी दोनदा मोजला, मग दुसऱ्या हातावर मोजला.

मूत्रल औषध चालू, मीठ कमी, आणि तरी रक्तदाब चढतो आहे आणि ताकद जाते आहे. काढा लागू पडला नाही एवढ्यानं याचा उलगडा होत नव्हता. मावशींच्या अंगात माझ्या औषधाच्या विरुद्ध बाजूनं आणखी काहीतरी ओढत होतं. सुनेला म्हटलं, "घरी जा आणि मावशींच्या पोटात जे जे जातं ते सगळं पिशवीत घालून आण. औषध असो नसो. डबी, पुडी, चूर्ण, मुखवास, सगळं."

पिशवी

संध्याकाळी सून नायलॉनची पिशवी घेऊन आली आणि टेबलावर रिकामी केली. अ‍ॅम्लोडिपिन १० ची, म्हणजे बीपीच्या गोळीची स्ट्रिप. डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखण्याच्या गोळीची अर्धी संपलेली स्ट्रिप. पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलच्या चार गोळ्या. मिठाची अर्धी पिशवी, मीच मागितली होती. आणि काचेच्या बरणीत फिकट पिवळी पावडर.

"हे काय?"

"जेष्ठमध आहे. पित्ताला. शेजारच्या वदिनांनी सांगितलं, त्यांना चांगला गुण आलाय." वदिना म्हणजे वहिनी.

"किती घेतात?"

"दोन चमचे सकाळी, दोन चमचे रात्री. दुधात."

"कधीपासून?"

"गड्ड्याच्या जत्रेपासून."

म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून, पाच महिने, रोज चार चमचे. पहिल्या दिवशी का सांगितलं नाही असं मावशींना विचारलं तर त्या मनापासून चकित झाल्या. "ते औषध कुठाय मॅडम, पावडर हाय की."

मग आम्ही तिघींनी कॅलेंडर उलगडून क्रम लावला.

दिवाळीत गुडघे दुखायला लागले. नऊ तास पाय दुमडून बसणाऱ्या बाईचे ते दुखणारच. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. आधी एक, मग रोज दोन. या गोळीनं दुखणं थांबतं, पण पोटात जळजळ होते आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. गड्ड्याच्या सुमारास जळजळ असह्य झाली, तेव्हा ज्येष्ठमध आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला घोटे सुजले. मार्चमध्ये रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून तीन वर्षं चालू असलेली ५ ची अ‍ॅम्लोडिपिन १० ची झाली. ज्यांनी ती वाढवली त्यांना ना दुखण्याच्या गोळीचं माहीत होतं, ना ज्येष्ठमधाचं. समोरचा आकडा पाहून कुणीही तेच केलं असतं. एप्रिलमध्ये सूज घोट्यावरून नडगीवर चढली. मेमध्ये मावशी माझ्याकडे आल्या आणि या साखळीत मी माझा काढा जोडला.

प्रत्येक कडी आपापल्या जागी शहाणपणाचीच होती.

ज्येष्ठमधानं सूज कशी येते

हे नीट समजावून सांगायला हवं, कारण ज्येष्ठमध आपल्याकडे निरुपद्रवी समजला जातो. घसा बसला की तुकडा चघळतो, लहान मुलांना चाटवतो. थोड्या मात्रेत, थोडे दिवस, त्यात काही वावगं नाही. पण त्यात ग्लिसरायझिन नावाचा गोड घटक असतो. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) सतत फिरत असतं आणि मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) त्याला निष्प्रभ करत असतं. ग्लिसरायझिन त्या विकराला अडवतं. मग कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखं काम करू लागतं : मीठ आणि पाणी रोखून धरतं, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. सूज येते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम उतरलं की स्नायूंत गोळे येतात, अशक्तपणा येतो आणि फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते.

दुसऱ्या दिवशी मावशींचं पोटॅशियम तपासलं. ३.१ आलं, ते किमान ३.५ असायला हवं. पहिल्या रिपोर्टांत ही तपासणी नव्हती आणि मी ती मागितली नव्हती. वर माझ्या काढ्यातली कुटकी रोज पातळ शौचातून आणखी पोटॅशियम काढत होती. आधीच खाली जाणाऱ्या बाईला मी आणखी एक पायरी खाली नेलं. हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

ग्रंथात ज्येष्ठमधाचं वर्णन थंड, गुरू, गोड, स्निग्ध असं आहे. भावप्रकाशात त्याच्या गुणांत व्रणशोथ घालवणं हेही आहे. इथेच तो एकाच शब्दाचा घोळ नडतो. 'शोथावर चालतं' एवढंच ऐकलेला माणूस पाय सुजल्यावर ज्येष्ठमध बंद करणं बाजूलाच, उलट वाढवेल. जी सूज जड, फिकट, पाण्याची आणि कफाची आहे तिथे गुरू, गोड, स्निग्ध द्रव्य दुधातून महिनोन् महिने देणं आयुर्वेदाच्या स्वतःच्या तर्कालाही धरून नाही. त्यासाठी ग्लिसरायझिनचा शोध लागायची वाट पाहावी लागत नव्हती.

अ‍ॅम्लोडिपिनची सूज वेगळी. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याभोवती साठतं. मात्रा वाढली की ही सूजही वाढते. इथे अंगात जादा पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवी वाढवणारं औषध तिथे फारसं उपयोगी पडत नाही. मग ते गोळीतलं असो की घेटुळीच्या मुळातलं.

मग काय केलं

त्यांच्या फिजिशियनना फोन केला आणि सगळा क्रम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद. दुखण्याची गोळी बंद. पोटॅशियमचं सायरप त्यांनी आठवडाभर दिलं. रक्तदाबाची गोळी आम्ही लगेच हलवली नाही. १६८ रक्तदाब असताना ती कमी करणं धोक्याचं होतं. माझा काढा आणि गोखरूही मी थांबवलं. सगळं एकदम चालू ठेवलं असतं तर कशानं काय होतंय हे कुणालाच कळलं नसतं.

निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचं कारण दूर करणं, ही आयुर्वेदातली पहिली चिकित्सा. विद्यार्थी असताना आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहायचो. या प्रकरणात पहिले पंधरा दिवस मी प्रामुख्यानं तेवढंच केलं.

मिठाचा हिशोब मात्र सुनेनं केला. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोची पिशवी तीन आठवड्यांत संपत होती. म्हणजे माणशी दिवसाला जवळपास १२ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मावशींचं जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचं, सोबत पापड. काम सोडून उठायला नको म्हणून कोरडं आणि टिकणारं. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं अति वापरू नका असं बजावलंय. हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "मग चटणीच खायची नाही का?" सोलापुरात शेंगाचटणी बंद करायला सांगणारा वैद्य फार दिवस टिकत नाही, आणि तशी गरजही नव्हती. चटणी घरी कुटायची, मीठ निम्मं, लसूण आणि तिखट आपल्या आवडीनं. पापड आणि लोणचं मात्र बंद. दुपारी हुलग्याचं माडगं किंवा मुगाचं कढण. शोथाच्या पथ्यात चरकांनी हुलगा आणि मूग दोन्हींचं कढण सांगितलंय, आणि माडगं तर त्यांच्या शेजारणीही करतात. पथ्य घरातलंच निघालं की ते पाळलं जातं.

गुडघ्यासाठी निर्गुंडीचं तेल आणि दशमुळाच्या काढ्याचा शेक. बसण्यासाठी मुलानं लाकडी बुटकं स्टूल करून आणलं, त्यामुळे गुडघा पूर्ण दुमडायचं थांबलं. दर पन्नास विड्यांची जुडी बांधून झाली की उठून अंगणात दोन फेऱ्या, टाचा वरखाली वीस वेळा. पिंढरीचा स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलणारा पंपच आहे, तो नऊ तास बंद राहिला तर कुठलाच काढा पुरा पडणार नाही. दुपारी अर्धा तास भिंतीला पाय टेकवून पडायचं, पण झोपायचं नाही.

पंधरा दिवसांनी पोटॅशियम ४.१. पिंढऱ्यांतले गोळे थांबले. रक्तदाब १४०/८६. तेव्हा फिजिशियननी अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी घेर उजवीकडे २५, डावीकडे २४.६.

उरलेल्या सुजेसाठी आणि १०.२ च्या हिमोग्लोबिनसाठी मी पुनर्नवा मंडूर सुरू केलं. त्यात पुनर्नवेबरोबर मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना शुद्ध केलेला मळ असतो, आणि पांडुता (रक्त कमी होऊन येणारा फिकेपणा) व सूज एकत्र असतील तिथे ते दिलं जातं. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिलं, महिन्यानं पुन्हा पाहिलं. दहाव्या आठवड्यात घेर २४ आणि २३.८, वजन ६१.४, रक्तदाब १३२/८२, हिमोग्लोबिन ११.१.

यात औषधाचं श्रेय किती

या आकड्यांवरून पुनर्नवा मंडुरानं सूज घालवली असं मी म्हणणार नाही. सूज सगळ्यात जास्त उतरली ती पाचव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ज्येष्ठमध, दुखण्याची गोळी आणि जादा मीठ गेल्यावर. त्याच काळात पाऊस सुरू झाला. सोलापूरच्या मे महिन्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उष्म्यानं पसरतात आणि ज्यांचे पाय एरवी सुजत नाहीत त्यांचेही थोडे भरतात, ती भर आपोआप गेली असणार. मंडुराचा वाटा हिमोग्लोबिनमध्ये मला दिसतो, आणि शेवटच्या सेंटिमीटरमध्ये असेलही.

हे वाचून कुणी आपली रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि घेटुळीचा काढाही उचलून सुरू करू नये. पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांचं पोटॅशियम आधीच वर जाऊ शकतं. मावशींचं खाली गेलं होतं, यांचं वर जाईल, आणि दोन्हीत हृदयाला धोका सारखाच. एकाच पायाला अचानक सूज येऊन पिंढरी दुखत असेल, आडवं पडल्यावर धाप लागत असेल, सकाळी चेहरा सुजत असेल, लघवीला फेस येत असेल किंवा गरोदरपणात सूज वाढत असेल, तर वैद्याकडे येण्याआधी रुग्णालयात जा. चरकांनीही शोथाचे सात उपद्रव मोजून ठेवलेत : उलटी, श्वास, अरुची, तहान, ताप, अतिसार आणि दुबळेपणा. तिसऱ्या आठवड्यात मावशींमध्ये अरुची, पातळ शौच आणि दुबळेपणा असे तीन माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांतला एक मी स्वतः निर्माण केला होता.

आता माझ्याकडे सूज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या भेटीआधीच फोनवर पिशवी आणायला सांगते. "औषध घेता का" हा प्रश्न मी सोडून दिला. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं" असं विचारते, आणि पावडर, चूर्ण, मुखवास हे शब्द स्वतः उच्चारते. पोटॅशियम पहिल्याच दिवशी तपासते.

सप्टेंबरात मावशी आल्या तेव्हा पायात चपला होत्या. पिशवीत घेटुळीची म्हणून उपटून आणलेली जुडी होती, घरकुलाच्या रस्त्याकडेची. पाहिली तर त्यात अर्धी घेटुळी आणि अर्धा खापरा, पावसाळ्यात शेजारीशेजारी उगवणारा, मांसल पानांचा. दोन्ही टेबलावर वेगळे करून दाखवले. सुनेनं मोबाइलवर फोटो काढून घेतले.

नडगीवर अंगठा दाबला. सकाळची वेळ होती, खड्डा पडला नाही. "संध्याकाळी अजून थोडा पडतोय," मावशी म्हणाल्या, "हजार केल्या त्या दिवशी." फुगलेल्या शिरा आहेतच, त्या कुठल्या काढ्यानं जाणार नाहीत. म्हणून त्यांनी आठशेवर आणलंय. दोनशे विड्यांची मजुरी रोज कमी येते, आणि ती भरून काढायला सून आता रात्री सूप घेऊन बसते. मी तिला पाय दाखव म्हटलं. अजून तरी सूज नाही. स्टूल तिलाही करून घ्यायला सांगितलं आहे.